अकरा नंबरचा हात

सत्काराच्या भाषणात मी एक गोष्ट नेहमी सांगते. लोकांना ती आवडते, टाळ्या पडतात. पण त्या गोष्टीतलं एक वाक्य मी आजवर एकदाही उच्चारलेलं नाही — नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, सरांजवळ तर नाहीच. आज तुमच्याजवळ म्हणून बघते. सरळ येणार नाही मी, आडवळणानंच येईन.

मी शैला, शेवगावची. एका सरकारी खात्याच्या संघाकडून कितीतरी वर्षं बास्केटबॉल खेळले. खेळायचाच पगार होता. आमच्या चुलत्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही — "बॉल आपटायचा पगार? आन् हापिसात काय करती मंग?" पुढे गुडघा गेला, मग शिकवायला लागले, आणि आता गावात मी खेळायला शिकले त्याच मैदानावर मुलींची कोच आहे. विमान पाहिलं, देशभर फिरले, स्वतःच्या पगाराचं घर बांधलं, चारचौघांत मान वर करून बोलायला शिकले. खोटं कशाला बोलू — मला आयुष्यानं भरभरून दिलं. रोज सकाळी मैदानाचं फाटक उघडताना मन भरून येतं. पण हे सगळं दिलं कुणी? भाषणात मी म्हणते, सरांनी. ते खरंच आहे. अर्धं खरं आहे.

फुंदे सर आमचे पी.टी.चे. मुरुमाचं मैदान, चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघा, आणि साखर कारखान्याच्या वेल्डरनं भंगारातल्या पाइपांची करून दिलेली रिंग, ती जराशी डावीकडे कललेली. सरांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण सरावात ती कधी वाजायची नाही. ज्या मुलीकडून फाऊल होईल तिनंच हात वर करायचा आणि आपला नंबर मोठ्यानं सांगायचा, असा त्यांचा नियम. कुणीच हात वर केला नाही तर? सर ओरडायचे नाहीत. खेळ थांबवून मैदानाकडेच्या पायरीवर जाऊन बसायचे, गप्प. हात वर होईपर्यंत पुढचा खेळ नाही. आम्हाला त्या गप्प बसण्याची फार भीती वाटायची. हळूहळू जिल्ह्यातल्या पंचांनाही आमची ही सवय ठाऊक झाली. शंका आली की ते सरळ आमच्याकडे बघायचे.

मंगल माझ्याच वर्गातली. ती दहा नंबर, मी अकरा. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची — घ्या, हे म्हणायलासुद्धा मला एवढी वर्षं लागली.

तर भाषणातली गोष्ट अशी. नगरला फायनल होती. मैदानाकडेला खुर्च्या टाकून खात्याचे दोन साहेब बसले होते, मुली निवडायला. शेवटची काही मिनिटं, दोन्ही संघांचे गुण बरोबरीत. मंगलचे चार फाऊल झालेले, माझेही चार. पाचवा झाला की बाहेर. समोरच्या संघाची मुलगी रिंगखाली उडाली, आम्ही दोघी तिच्यावर धावलो, आणि शिट्टी वाजली. कुणाचा हात लागला ते पंचांना दिसलं नव्हतं. ते आमच्याकडे बघत उभे राहिले. आणि मंगलनं हात वर केला. "नंबर दहा!" खणखणीत आवाजात. बाहेर गेली. उरलेला खेळ मी खेळले, शेवटची बास्केट माझी झाली, आम्ही जिंकलो आणि साहेबांनी माझं नाव घेतलं. "असा प्रामाणिकपणा आमच्या सरांनी शिकवला," असं मी म्हणते. मग टाळ्या.

मंगलला कुणी विचारलं नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं. आता स्टँडजवळ तिचं शिवणकामाचं दुकान आहे, बरं चालतं. आमच्या संघाच्या जर्सी तीच शिवते. तिची लेक माझ्याकडेच खेळायला येते, आणि खेळते अगदी आईसारखी.

गेल्या हिवाळ्यात शेवगावातच माझा सत्कार झाला. मंगल पुढच्याच रांगेत बसली होती, शेजारी लेक. मी तिच्यादेखत तीच गोष्ट सांगितली. वर तिला उभं राहायला लावलं! ती उभी राहिली, सगळ्यांना हात जोडले, टाळ्या घेतल्या आणि खाली बसली. असं का केलं मी? एवढ्या वर्षांनी मला ती गोष्ट खरीच वाटायला लागली होती का? नाही. वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जर्सी आणायला दुकानात गेले. दातानं दोरा तोडत ती म्हणाली, "शैले, माझं दोनी हात तवा पाठीमागं हुतं. चार फाऊल झालं की सर तसंच खेळायला लावायचं, इसरली व्हय?"

मी जर्सी मोजायला लागले.

"कुनीतरी हात वर करायलाच पायजे हुता," ती म्हणाली. "सर बघत हुते." मग हसली. "पन नंतर लई भारी खेळलीस तू. च्या घेती का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, तरी सापडला नाही. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? नुसती ती आणि मी होतो, दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "साखर कमी घाल." चहा प्यायले, जर्सींचं गाठोडं उचललं आणि निघून आले.

आता सांगते. शिट्टी वाजल्यावर पंच बघत होते तेव्हा मी बुटाची लेस बांधायला खाली वाकले. लेस सुटलेली नव्हती. नुसत्या गाठीवर एका हाताची बोटं फिरवत राहिले, आणि वरून मंगलचा आवाज आला. त्या मुलीच्या कोपराला लागलेला दुसरा तळहात अजून चुरचुरत होता, तोच मी मुठीत मिटून घेतला होता.

माझी नोकरी, माझं घर, या मैदानाची किल्ली — सगळं तिच्या त्या हातातून आलंय. मी तिची ऋणी आहे, आणि हे ऋण मी तिच्याच नावावर फाऊल म्हणून मिरवलं.

काल सरावात दोन मुली रिंगखाली धडकल्या. मी शिट्टी वाजवत नाही, सरांसारखी पायरीवर जाऊन बसते. बसले. मंगलच्या लेकीनं लगेच हात वर केला, नंबर सांगितला आणि हसत खेळायला लागली. तिचाच फाऊल होता, मी पाहिला होता. मी मात्र तिथून उठले नाही. मुली ओरडत राहिल्या, "मॅडम, झाला की हात वर! चला ना!"

झाला नव्हता.

नंबर अकरा. फाऊल माझा.