खाप्याच्या मसणवट्यातला माग

भुताखेतांच्या गोष्टी मी कधीच मनावर घेतल्या नाहीत. कोराडीच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली, तीही लॅबमध्ये. आकडा दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही सवय... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझे बाबा ब्याऐंशीचे, माझ्याकडे हुडकेश्वरला असतात. मूळचे खाप्याचे विणकर. ते चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आमच्यात तेव्हा पुरत असत. कन्हानकाठच्या जुन्या मसणवट्यात तिला माती दिली... पण नेमकी कुठे, हे बाबांना कोणी दाखवलंच नाही. बायका तिथे जात नसत, त्यामुळे थोरल्या आत्यालाही ठाऊक नाही. आता समाजाने तिथे नावांच्या पाट्या लावायचं ठरवलं होतं. ज्या जागांची ओळख पटणार नाही, तिथून रस्ता जाणार होता. हे कळल्यापासून बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं. शेवटी एका रविवारी, भर दुपारी, मी त्यांना घेऊन गेले.

देखरेख करणाऱ्या मोतीरामकाकांनी फिरून दाखवलं. पहिली विणकर घरं इथे आली तेव्हा अक्षरओळख कोणालाच नव्हती. म्हणून दगडांवर नावं नाहीत — जो तो विणायचा त्या लुगड्याचा काठ कोरलेला! कुठे करवतीचे दात, कुठे नुसत्या जोडरेघा. बाबा एकेका दगडावर हात फिरवत सांगत होते... गल्लीभर ताणलेलं सूत, खळीचा आंबूस वास, आईच्या मागाशेजारी गोधडीवर लागलेली झोप.

“पण तिचा काठ कोणता, हे मले कसं आठवन?” ते म्हणाले.

तेवढ्यात आवाज आला. खट्... खटाक्. खट्... खटाक्.

“माग चालू हाये वं मंदा!” बाबा मला म्हणाले.

बाबांना कानातल्या मशीनशिवाय काही ऐकू येत नाही, आणि मशीन गाडीत राहिलं होतं. मला मात्र आवाज स्पष्ट येत होता. मोतीरामकाका आमच्याकडे बघतच राहिले. “कोणता माग? या बाजूले एकबी उरला नाही.”

बाबा काठी टेकत झुडपांत शिरले. आवाज जवळ येत गेला आणि एका अर्ध्या गाडलेल्या दगडापाशी थांबला. मी ओढणीने माती पुसली. करवतीचे तीन मोठे दात, चौथा लहान. परत तीन मोठे, एक लहान.

मी फोटो काढून आत्याला उमरेडला पाठवला. पाच मिनिटांत फोन. “हा आईचा काठ होय वं! चौथा दात ती मुद्दाम लहान ठेवे. मीच तं तिले सुताच्या कांड्या भरून देत होती... कुठं भेटला?” बाबा दगडाला टेकून बसले होते, डोळे मिटून.

पाटी लागली. रस्ता वळवला. नंतर मी दोनदा जाऊन आजूबाजूचे पंप, पिठाची चक्की, सगळं ऐकून आले. तसा ताल कशालाच नाही. बाबांना भास झाला म्हणावं, तर मला कसा ऐकू आला? मी तर आजीला पाहिलंही नाही.

“काका, तुम्हाला कसा नाही ऐकू आला?” मी मोतीरामकाकांना विचारलं.

“मले काहून येईन बाई? माहे सगळे सापडले हायेत.”

याला मी स्पष्टीकरण म्हणणार नाही. पण दुसरं माझ्याकडे आजही नाही.