गळकी लाल गाडी

पंपावर पेट्रोलचा वास आला की मला माधवनगरचं ते गॅरेज आठवतं. परदेशी नोकरीला जाताना मुलाने आपली दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्‌स कार साताऱ्यात माझ्यापाशी ठेवली होती. बायको गेल्यापासून घरी मी एकटाच. एरवी महिना महिना त्याचा फोन नसायचा, पण गाडीतून पेट्रोल गळू लागलं आणि तो रोज फोन करू लागला. गॅरेजवाल्याने नवी नळी घालून वर्षाची वॉरंटी दिली होती, तरी गळती पुन्हा सुरू झाली, म्हणून मी गाडी टेम्पोत घालून परत त्याच्याकडे नेली. भर दुपारी छपराचा पत्रा तापला होता. गाडीखालून बाहेर येत तो म्हणाला, “आवं काका, टाकीपाशी नळी चिरली हुती. वॉरंटीतच बदलली. आता थेंब बी पडायचा न्हाई.” तेवढ्यात मुलाचा फोन आला. “बाबा, थांबलं का गळायचं?” मी खाली पाहिलं. फरशी कोरडी होती. “अजून बघतायत रे,” मी म्हणालो, “उद्या सांगतो.” “बरं, उद्या करतो फोन.” गॅरेजवाल्याने हात पुसत माझ्याकडे पाहिलं, मग स्टूल पुढे सरकवलं. “बसा, च्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी मी मुलाला खरं सांगितलं. “सुटलो बाबा एकदाचे,” तो हसून म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला तो थेट दिवाळीला. हल्ली मीच अधूनमधून त्याला फोन लावतो आणि गाडीत कुठलं ऑइल घालायचं ते विचारतो. मला ते केव्हाच पाठ झालंय.