हरेशचा उजवा गुडघा

पलटण वर चढायला एकवीस दिवस होते तेव्हा हरेशचा गुडघा गेला.

वर म्हणजे साडेतेरा हजार फुटांवरची पोस्ट. वर्षातले सात महिने बर्फ. ऑर्डर आली होती, सामानाच्या याद्या झाल्या होत्या, आणि चढण्यापूर्वी ज्यांना शक्य होतं त्यांना रजा मिळाली होती. मी हवालदार गायकवाड, गाव दिघाशी, तालुका भिवंडी. माझ्या सेक्शनमधला नायक हरेश केणे अंबाडीजवळच्या गावचा. एका तालुक्यातले आम्ही दोघेच. दहा वर्षांत पहिल्यांदा आमची रजा एकत्र पडली.

युनिटमध्ये तो मला उस्ताद म्हणायचा. गावाकडे आला की दादा.

त्या रविवारी त्याच्या गावात कबड्डीचे सामने होते. मी बघायला गेलो होतो. साडेचारला त्याने चढाई केली, कोपऱ्यातल्या खेळाडूला हात लावला आणि परत फिरला. अंग फिरलं, पाय मातीत रुतलेला तसाच राहिला. मी रेषेपासून दहा फुटांवर होतो. काडी मोडल्यासारखा टक असा आवाज मला ऐकू आला.

दोघांनी त्याचा पाय धरून ओढला. एक जण म्हणाला, "रग चढलीय, चोळा." साडेसहापर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

तीन दिवस गावातल्या एका म्हाताऱ्याने तेल लावून चोळला. हरेश दात आवळून बसायचा. चौथ्या दिवशी मी त्याला मोटरसायकलवर घालून भिवंडीला नेलं. हाडांच्या डॉक्टर एक बाई होत्या. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली कापडाचे लूम चालू, त्यामुळे तपासायचं टेबल सतत थरथरत असे. त्यांनी पाय वाकवला, नडगी पुढे ओढून पाहिली, आणि कल्याणला एमआरआय करायला पाठवलं.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी समोर कागद घेतला आणि गुडघा काढून दाखवला.

"हा लिगामेंट पूर्ण तुटलाय. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून धरून ठेवणारा दोर समजा. गुडघ्यातल्या गादीला अजून काही झालेलं नाही, नशीब."

"चोळून जुळेल का?" हरेशने विचारलं.

"नाही. हा आपोआप जुळत नाही. आणि चोळणं आजपासून बंद."

"मग?"

"दोन रस्ते आहेत. पहिला, ऑपरेशन न करता. आधी सूज उतरवायची, मग मांडीचे स्नायू व्यायामाने इतके मजबूत करायचे की ते गुडघा सांभाळतील. पट्टा वापरायचा. उड्या, कबड्डी, झटक्याने वळणं बंद. ज्याचं बसून काम आहे त्याचं यात छान निभावतं. दुसरा रस्ता, दुर्बिणीतून ऑपरेशन. तुमच्याच मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर घेऊन नवा लिगामेंट बसवायचा. त्यानंतरही व्यायाम आहेच. जोरात पळायला नऊ महिने धरा, कधी जास्त. तुम्ही काम काय करता?"

"मिलिटरीत हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला ऑपरेशनच करून घ्यावं लागेल. तुमच्या हॉस्पिटलला रिपोर्ट दाखवा, तिथे चांगलं होतं. आणि एक लक्षात ठेवा. दोन आठवड्यांत तुम्हाला बरं वाटेल. सरळ चालाल तेव्हा काही कळणारसुद्धा नाही. पण ओझं घेऊन वळलात की हा गुडघा सटकणार. कधी, ते मी सांगू शकत नाही."

इतकं स्पष्ट मला माझ्या सतरा वर्षांच्या नोकरीत फार कमी लोकांनी काही सांगितलं असेल.

खाली येऊन आम्ही चहा घेतला. हरेश म्हणाला, "रिपोर्ट दाखवला तर मेडिकल कॅटेगरी डाऊन. हवालदारीचं प्रमोशन अडकलं. आणि पलटण वर जाणार, मी खाली स्टोअरमध्ये चादरी मोजत बसणार. पोरं काय म्हणतील?"

मी बशीतला चहा संपवला.

"दादा, तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते आज लिहितो. बर्फातल्या वाटेवर दोर लावण्यात हरेशसारखा माणूस माझ्या सेक्शनमध्ये दुसरा नव्हता. दोन सीझन तो त्याच भागात राहिलेला. मला तो वर पाहिजे होता. कॅटेगरी तात्पुरती डाऊन होते, बरा झाला की परत वर येते, प्रमोशन उशिरा का होईना मिळतं, हे सगळं मला माहीत होतं. मी त्याचा सेक्शन कमांडर होतो. मी म्हणालो, "सूज उतरतेय. सीझन काढ. खाली आलो की ऑपरेशन करून घे."

तो हसला. त्याला तेच ऐकायचं होतं.

वर चढण्यापूर्वी बेस कॅम्पला मेडिकल झालं. हरेश सरळ चालला, बसला, उठला. आरएमओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांनी, रांगेला विचारलं, "किसी को कोई पुरानी चोट? कोई तकलीफ? अभी बोलो. ऊपर जाके मत बोलना."

हरेश माझ्या डाव्या हाताला उभा होता. तो बोलला नाही. मीही बोललो नाही.

पहिले दोन महिने काही झालं नाही. पहाऱ्याची ड्युटी, बर्फ काढणं, केरोसीन वर आणणं, आठवड्यातून दोनदा पेट्रोलिंग. पँटच्या आत तो गुडघ्याला पट्टा बांधायचा. दोनदा पाय सटकला. दोन्ही वेळा त्याने सांभाळलं. दुसऱ्या वेळी माझ्याकडे बघून डोळा मारला. मी त्याला तेव्हाच खाली पाठवायला हवं होतं. रेडिओवर एक वाक्य बोलायचं होतं.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी आमची लिंक पेट्रोल होती. शेजारच्या पोस्टपर्यंत जायचं, त्यांच्या पार्टीला भेटायचं, परत यायचं. सात माणसं. सहा चाळीसला निघालो. हवा स्वच्छ. नऊच्या सुमारास नाल्यावरच्या आडव्या वाटेवर पोचलो. डावीकडे कडा, उजवीकडे उतार, खाली दगड. बर्फ वरून कडक, आतून भुसभुशीत. हरेशने पुढे जाऊन दोर लावला आणि पलीकडच्या टोकाला उभा राहून तो एकेकाला हात देत होता. आम्ही बाकीचे पार झालो. शेवटी नवीन शिपाई होता. हरेशने स्वतःची दोराला लावलेली हूक काढली होती. शिपायाचा पाय घसरला, हरेश त्याला धरायला झटक्याने वळला. पाठीवर बावीस किलो. उजवा पाय गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फात.

अंग फिरलं, पाय तिथेच राहिला.

तो ओरडला नाही. फक्त "अरे" म्हणाला, आणि बसल्यासारखा खाली गेला. मग उतारावरून. शिपाई दोरामुळे वाचला.

नऊ बाराला मी रेडिओ सेट हातात घेतला.

"अल्फा टू, ये अल्फा फोर. एक कॅज्युअल्टी. नाला क्रॉसिंग. ओव्हर."

"अल्फा फोर, हालत बताओ. ओव्हर."

"देख के बताता हूँ. हेलिकॉप्टर माँग लो. ओव्हर."

दोर खाली सोडून मी आणि आमच्या पेट्रोलमधला नर्सिंग असिस्टंट उतरलो. हरेश दोन दगडांच्या मध्ये अडकला होता. हेल्मेट फुटलेलं. शुद्धीत होता. मला बघून म्हणाला, "गुडघा सटकला, दादा."

उस्ताद म्हणाला नाही.

दहा वाजता ढग आले. हेलिकॉप्टर बेसवरून उडालं आणि परत फिरलं. आम्ही त्याला स्ट्रेचरवर बांधून उचललं. पोस्ट तीन किलोमीटरवर होती. बारा वीसला नर्सिंग असिस्टंटने थांबायला सांगितलं. त्याने मानेला बोटं लावली, घड्याळ बघितलं, आणि माझ्याकडे न बघता वेळ सांगितली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारण्यात आलं, "मृत जवानाला आधीची काही दुखापत असल्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"नो सर," मी म्हणालो.

मी स्वतःला सांगितलं की हे हरेशच्या नावासाठी. ते खोटं होतं. माझ्या नावासाठी होतं.

रिटायर होऊन मला दोन वर्षं झाली. पडघ्याजवळ एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. दर दिवाळीला हरेशच्या घरी जातो. त्याची बायको संगीता चहा करते, मी पितो, निघतो.

यंदा गावातल्या मंडळाने मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. शहीद हरेश केणे स्मृती चषक. कशाचा? कबड्डीचा. बॅनरवर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो, बाजूला नेत्यांचे हात जोडलेले फोटो. मैदान तेच. संगीतावहिनी पुढच्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर सत्काराची शाल. मी मनात म्हणत होतो, तास दीड तास आहे, बसून काढू.

पाचच्या सुमारास योगेश नावाचा खेळाडू चढाई करून वळला आणि पडला. चोवीस वर्षांचा, भिवंडीत लूमवर शिफ्ट करतो. तो गुडघा धरून मातीत गोल फिरत होता. दोघांनी धावत जाऊन त्याचा पाय धरला आणि ओढायला लागले.

आणि निवेदक माइकवर ओरडला, "ऊठ योगेश! आपल्या हरेशदादांनी बर्फात जीव दिला, पण हूं की चूं केलं नाही! या मातीतली पोरं दुखण्याला भीत नाहीत! टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. योगेश एका पायावर उभा राहायला लागला.

माझं डोकं फिरलं. शिस्तीत सतरा वर्षं काढलेला माणूस मी, स्टेजवरून उडी मारून मैदानात गेलो. "पाय सोडा!" दोघं मागे सरले. योगेशला खाली बसवलं, पायाखाली दोन बॅगा ठेवल्या, बर्फ आणायला सांगितलं. मग जाऊन निवेदकाच्या हातातून माइक ओढून घेतला.

"हरेश केणे दुखण्याला भीत नव्हता हे खोटं आहे," मी म्हणालो. "तो भीत होता. आणि त्याला दुखतंय असं बोलायची लाज वाटत होती, कारण तुमच्यासारखे टाळ्या वाजवणारे त्याच्या आजूबाजूला होते. मीही होतो. त्याचा गुडघा याच मैदानात गेला. याच रेषेवर. डॉक्टरांनी त्याला दोन रस्ते सांगितले. आम्ही तिसरा काढला, लपवायचा. मी त्याचा कमांडर होतो. मीच त्याला सांगितलं, सीझन काढ. तो त्या गुडघ्यामुळे पडला. इन्क्वायरीत मी खोटं बोललो. आणि आज तुम्ही त्याच्या नावाने दुसऱ्याचा गुडघा मोडताय."

स्पीकरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मंडळाचे अध्यक्ष माझ्याजवळ आले. दबक्या आवाजात म्हणाले, "गायकवाड साहेब, शहिदाची बदनामी करताय. बसा खाली."

"मी माझी करतोय," मी म्हणालो.

संगीतावहिनी उठल्या. शाल खुर्चीवर ठेवली आणि मैदान ओलांडून माझ्यासमोर आल्या. मला वाटलं कानाखाली मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"भावजी, त्यांच्या बॅगेत तो पट्टा मीच भरला होता," त्या म्हणाल्या. "कपड्यांच्या खाली. कोणाला दिसू नये म्हणून. म्हनाले, सांगू नको, मी न्हाय सांगितलं. पाच वर्षं मला वाटतंय मीच मारलं त्यांना. आईला न्हाय सांगितलं, कोनाला न्हाय. तुम्ही दर दिवाळीला येता, माझ्या हातचा चहा पिता. तुम्हाला माहीत होतं. एकदा तरी बोलायचं होतं ना! मी एकटीच हाय, असं समजून जगले मी."

मी माइक खाली ठेवला.

त्या वळल्या आणि योगेशजवळ जाऊन बसल्या. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळला, त्याच्या गुडघ्यावर धरला. कोणीतरी पुन्हा पाय चोळायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो हात झटकून टाकला.

सामने बंद पडले. मी योगेशला त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंचे केस पांढरे झालेत, टेबल अजून थरथरतं. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि मी ओळख दिली नाही. लिगामेंट पूर्ण तुटला होता. त्यांनी पुन्हा तेच दोन रस्ते सांगितले. योगेशच्या घरचे ऑपरेशनला घाबरत होते. "आधी तीन महिने नीट व्यायाम करा," बाई म्हणाल्या. "गुडघा टिकला तर ऑपरेशन कदाचित लागणारही नाही. सटकायला लागला तर थांबू नका, गादी फाटेल." योगेशने तीन महिने मन लावून केलं. तरी लूमच्या दोन ओळींमध्ये वळताना गुडघा दोनदा सटकला. दुसऱ्या दिवशी त्याने मला स्वतः फोन केला. ऑपरेशन झालं. आता सहावा महिना चालू आहे, जिना चढतो, पळायला परवानगी नाही. पळू का म्हणून विचारतो, आणि मी त्याला शिव्या देतो.

युनिटला मी पत्र लिहिलं. सगळं, वेळेसकट. आमचे जुने कंपनी कमांडर आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांचा फोन आला. "गायकवाड, बहुत देर से बोले," एवढंच म्हणाले. मी "यस सर" म्हणालो. पुढे काय होईल ते माहीत नाही. जे होईल ते घेईन.

दिवाळीला संगीतावहिनींकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं. चहा केला नाही. आम्ही समोरासमोर बसलो आणि दोन तास हरेशबद्दल बोललो. त्या मोठ्याने रडल्या. मग त्यांनी विचारलं, शेवटी काय म्हणाले? मी सांगितलं.

हरेशला पोळी गोल लाटता यायची नाही. पोस्टवर त्याची पाळी आली की पोरं पोळ्यांना नकाशे म्हणायची. गाणं बेसूर म्हणायचा. दोराची गाठ मारताना जीभ बाहेर काढायचा. पार्सल आलं की आधी दुसऱ्यांना वाटायचा, स्वतःला उरलंसुरलं.

नायक हरेश केणे. वय चौतीस. नवीन शिपायाला हात देताना गेला, आणि त्या शिपायाला आता दोन मुलं आहेत. त्याचा गुडघा बरा होण्यासारखा होता.