अनोळखी माणसासाठी उपकारस्तुती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मला धड सांगता येणार नाही. सत्तरी ओलांडली आणि पोटात ठेवलेली गोष्ट आता पोटात राहीना, एवढंच.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलंच जास्त आहे. मला प्रभूनं भरभरून दिलं. बायको मार्था दिली, लेक कृपा दिली. पुढं कारखाना बंद पडला, मार्थाचं मोठं आजारपण झालं — त्यातूनही आम्ही निभावलो. कशाच्या बळावर? तेच तर सांगायचंय.

गिरण्यांचा संप तेव्हा नुकताच विरून गेला होता. मी भांडुपच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि मुलुंडच्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय हो? एक वही, एक पेन आणि इस्त्रीचा शर्ट. पण माझी मान तेवढ्यानंही ताठ झाली होती.

आमच्याकडे शेवटच्या बाकावर योहान बसायचा. नगरकडचा हमाल. एकदा पिऊन उपासनेला आला आणि प्रार्थना चालू असताना मोठ्यानं रडला. कमिटीनं त्याला प्रभुभोजनातून बंद केलं. ठराव मांडला कोणी? मी. त्या भोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला बाकाबाकावरून सरकत यायचे आणि त्याच्या अलीकडे थांबायचे. तरी तो दर रविवारी यायचा, गीतं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचा. मला त्याचा राग यायचा — इतकी शोभा होऊन हा येतो कसा?

कृपा जन्मली तो रविवार होता. बाळ सुखरूप, पण मार्थाचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त देणारा माणूस आणा, लगेच. माझं जुळत नव्हतं. मी धावत उपासनेला गेलो. मंडळी नुकती सुटत होती. कमिटीतल्या दोघांपुढे हात जोडले. एकाला शुगर आठवली, दुसऱ्याला मागच्या आठवड्यातला ताप. मी तसाच वळलो, तर मागून चपलांचा आवाज. योहान.

"सहा महिने झाले, दारूला शिवलो न्हाई, सेक्रेटरीसायब. माझं बघा चालतंय का."

चाललं.

नंतर दवाखान्याच्या बाकावर त्याला चहा दिला. त्यानं ग्लास हातात धरून डोळे मिटले, ओठ हलले. मी विचारलं, काय मागितलंस?

"मागतंय कोण? उपकार मानले. आधी मानून ठेवले ना, म्हंजी पुढं काय बी आलं तरी भ्या वाटत न्हाई."

मार्था वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, रक्त कुणी दिलं? आणि मी — माझ्या तोंडून निघून गेलं — म्हणालो, कोणी अनोळखी माणूस होता.

का म्हणालो? ज्याला मी प्याल्यापासून अडवलं त्याचंच रक्त माझ्या बायकोच्या अंगात, हे मला सहन होईना. लाज वाटली. त्याच्या उपकारात राहायची लाज. आणि त्याचं नाव घेतलं असतं, तर त्या दोघांची शुगर आणि ताप उघडे पडले असते — आणि कमिटीच्या पुढच्या निवडणुकीत मला त्यांची मतं हवी होती.

महिन्याभरानं बाळासाठी चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना झाली. मी उभा राहून साक्ष दिली, की प्रभूनं एका अनोळखी माणसाला पाठवलं. बायकांनी डोळे पुसले. शेवटच्या बाकावरून सगळ्यात मोठ्यानं "आमेन" आलं. कोणाचं, ते तुम्हाला कळलंच असेल.

बाहेर पडताना तो मला हळूच म्हणाला, "बुधवारी कमिटीत माझं नाव निघणार हाय. तुम्ही असाल ना, सायब?"

"असेन की," मी म्हणालो.

बंद केलेल्याला परत घ्यायचं तर एका पंचानं त्याच्या वतीनं उभं राहायचं, असा आमचा नियम. बुधवारी योहान दाराबाहेर उभा होता, धुतलेला सदरा घालून. प्रश्न विचारायचं काम सेक्रेटरीचं. मी विचारलं — योहानच्या वतीनं कोणी बोलणार आहे का? विचारून मीच इकडेतिकडे पाहिलं. मग वहीत लिहिलं: कोणी नाही.

तो आणखी वर्षभर येत राहिला. शेवटचा बाक, मोठ्यानं गीतं. मला पाहिलं की "सलाम, सेक्रेटरीसायब," आणि हसायचा. मग गावी गेला आणि तिथंच वारला. प्याला त्याच्यापर्यंत कधी पोचला नाही.

कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी मी भिंतीला टेकून बसलो होतो. कृपा पाच वर्षांची. मार्थानं भात वाढला, हात जोडले आणि आधी उपकार मानले — भातासाठी, मुलीसाठी, माझ्या दोन धडधाकट हातांसाठी. ऐकता ऐकता योहानचं ते बोलणं आठवलं आणि माझी भीती उतरली. खरंच उतरली. दुसऱ्या दिवशी मी काम शोधायला बाहेर पडलो. पुढं तिच्या आजारपणातही हेच केलं: आधी उपकार, मग पुढचं. लोक विचारतात, एवढा विश्वास कुठून आणलात? मी वर बोट दाखवतो. दवाखान्यातल्या त्या बाकाकडे कधी दाखवलं नाही.

मार्थाच्या प्रार्थनेत रोज एक वाक्य असतं. आजही होतं. "आणि प्रभू, त्या अनोळखी भावाला आशीर्वाद दे, तो जिथं असेल तिथं."

मी शेजारी बसून आमेन म्हणतो. रोज.

तो अनोळखी नव्हता. त्याचं नाव योहान. त्या बुधवारी तो दाराबाहेर उभा होता, आणि त्याला वाटत होतं, मी बोलेन.