कुजबुजीची परीक्षा

आमच्या गल्लीत हळू बोलणारा माणूस म्हणजे एक तर आजारी, नाहीतर काहीतरी लपवणारा. दूधवाला दोन गल्ल्या अलीकडूनच हाक मारायचा. त्यामुळे आमच्या ह्यांचा डावा कान गेलाय हे कोल्हापुरात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हे विमान चालवायचे, मुंबईच्या एका कंपनीत, पंख्यांच्या विमानांवर. वीस वर्षं त्या घरघरीत बसून कानाचं व्हायचं ते झालं. पूर्वी एकदा वैमानिक म्हणून चिकटलं की निवृत्तीपर्यंत घोर नसायचा. सत्तरच्या दशकात ह्यांच्या कंपनीत जेट विमानं आली आणि सगळंच फिरलं. जुनी विमानं विकायला काढली. नव्यांवर शिकायला धाडायचे ते तपासणीत खणखणीत उतरलेले, बाकीच्यांना महिन्याची नोटीस. निम्म्या पगारावर उडायला तरुण वैमानिक रांगेत उभेच होते. ह्यांचं वय चव्वेचाळीस. राधानगरीकडची शेती दिरांच्या हातात, आणि ह्यांना नांगर कुठून धरायचा तेही ठाऊक नाही.

तपासणी दर सहा महिन्यांनी. त्यात डॉक्टर पाठीमागं उभा राहून कुजबुजत आकडे म्हणायचा, आणि हे एका कानात बोट घालून ते परत सांगायचे. त्या खेपेला आधी आठवडाभर रजा काढून घरी आले, सराव करायला. मधल्या खोलीत हे कपाटाकडं तोंड करून स्टुलावर, मी मागं पाच पावलांवर. मला जन्मात कुजबुजायची सवय नाही. पहिले दोन दिवस नुसता घसा खरवडला.

सासूबाईंनी भलताच अर्थ काढला. सून दार लोटून नवऱ्याशी कुजबुजते, म्हणजे वेगळं बिऱ्हाड मागतेय! तिसऱ्या दिवशी दार ढकलून आत आल्या. "व्हय गं, माझं काय चुकलं ते तोंडावर सांग की! मी काय परकी हाय?" मला हसू फुटलं. हे हसले नाहीत. त्यांचा पाय एकसारखा हलत होता, जेवतानाही हलायचा.

चौथ्या दिवशी सगळे आकडे बरोबर यायला लागले. त्रेपन्न म्हटलं, त्रेपन्न. अठरा म्हटलं, अठरा. मला आनंद व्हायला हवा होता, पण शंका आली. उजव्या कानात बोट, आणि डावा तर कालपर्यंत ठार होता. मग मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. एकाहत्तर.

"एकाहत्तर," हे म्हणाले.

कपाटाच्या आरशात मी अख्खी दिसत होते.

त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, "डॉक्टरकडं आरसा हाय?"

"खिडकीची काच हाय. मागच्या दोन्ही खेपेला तिच्यावरच निभावलं."

"आणि विमानात?"

"तिथं उजव्या कानाला हेडफोन असतोय. शेजारी दुसरा पायलट असतोय. इंजिन बिघडलं तर हाताला कळतंय." मग म्हणाले, "मला दुसरं काय येतंय, तूच सांग की."

मला भयंकर राग आला. ह्यांचा, त्या कंपनीचा, आणि एकदाही समोर येऊन न बघणाऱ्या त्या डॉक्टरचा. तुमच्या मागं चाळीस माणसं बसतात, खरं काय ते सांगून टाका, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तिथंच राहिले. मी खिडकीचा पडदा अर्धा ओढला, काचेत दिसेल तेवढंच अंधुक आरशात दिसावं म्हणून. पुन्हा पाच पावलं मागं गेले आणि आकडे म्हणायला लागले.

पास झाल्याची तार आली. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

पुढं कितीतरी दिवस रेडिओवर बातम्या लागल्या की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. शेजारणी म्हणायच्या, पायलटची बायको, काळजी असणारच. मी मान हलवायची. काळजी होतीच. पण ह्यांच्या मागं निर्धास्त बसलेल्या त्या चाळीस माणसांची मीही ह्यांच्याइतकीच गुन्हेगार होते.