इस्माईल, विल्मर आणि पार्टी

कपड्यांच्या ड्रायरला एक जाळी असते. दर खेपेला तिच्यात थोडा कापूस साचतो. काढला नाही तर मशीन तापतं आणि बंद पडतं. आमच्या गॅरेजमधल्या किश्शांचं तसंच झालंय. दोन वर्षं साचलेत. म्हणून एकदा जाळी साफ करतो.

गॅरेज सिडनीतल्या हॅरिस पार्कचं. घर माझ्या मुलाचं, नितीनचं. तो इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. त्याची आई गेल्यावर मला घेऊन आला. त्याआधी मी मिरजेत चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवला. बँड माझाच होता. शिक्षण सातवी, पण ताल चुकला म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. एक माणूस सोडून. त्याचं पुढे येईलच.

* * *

पहिला किस्सा विल्मरचा. हा पोरगा कोलंबियाचा. घराच्या मागे एका खोलीचं छोटं घर आहे, त्याला इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, तिथे भाड्याने राहतो. पहाटे वेस्टमीडला ऑफिसांची सफाई करतो आणि दुपारी आमच्या गॅरेजमध्ये गाणी बनवतो. त्या गाण्यांना रेगेटॉन म्हणतात. स्पॅनिश शब्द, आणि खाली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका.

तो ठेका भिंतीतून थेट माझ्या उशीत यायचा. दुपारची झोप गेली. तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी उठलो, चपला घातल्या आणि आवाज बंद करायला गेलो.

दारात उभा राहिलो. आठ मात्रा. तीन, तीन, दोन. नवरदेव घोड्यावर बसला आणि वरात वळणावर अडली की आम्ही हेच वाजवायचो. गर्दी पुढे सरकेपर्यंत. बाजूला लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा होता. हात कधी त्याच्यावर गेले कळलं नाही.

विल्मरने मागे वळून पाहिलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच. म्हणाला, "अगेन."

तासाभराने नितीन बाहेर आला. शेजाऱ्यांचा फोन आला होता.

"आबा, तुम्ही आवाज बंद करायला गेला होतात ना?"

"त्याचा केला," मी म्हणालो. "हा माझा आहे."

* * *

विल्मरने एकदा बार्बेक्यू केला. त्याचे तीन दोस्त आले. एक पोर्तो रिकोचा, एक पनामाचा, एक जमैकाचा. मांस भाजत होतं आणि भांडण चालू होतं. ठेका कुणाचा, यावर. जमैकाचा म्हणे मुळात आमचा. पनामाचा म्हणे स्पॅनिशमध्ये पहिलं आम्ही गायलो. पोर्तो रिकोचा म्हणे गल्लीगल्लीत वाजवला तो आम्ही. विल्मर म्हणाला, तुम्ही सगळे बरोबर आहात, पण जगाला नाचवलं कोलंबियाने.

माझी नात इरा मधे बसून सगळं मला सांगत होती. ती युनीला, म्हणजे विद्यापीठात जाते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, दोघांनाही सवय झाली आहे.

मला विचारलं, तुमचं काय मत?

मी म्हणालो, "आमच्याकडे हा ठेका नवरदेवाला मांडवापर्यंत पोचवायला असतो. तुम्ही कुणाला कुठे पोचवता?"

इराने विचारलं. मग जमैकाचा म्हणाला, "एव्हरीबडी, सर. एव्हरीव्हेअर."

पाच मिनिटांनी त्याच ठेक्यावर चौघं एकत्र नाचत होते. भांडण कुठे गेलं विचारू नका. वरातीतही असंच असतं.

* * *

एका रविवारी विल्मरने फोनमधल्या गाण्यांच्या ॲपवर एक गाणं दाखवलं. गाणं एक, नावं चार.

मी म्हणालो, "चौघं कशाला? एकाला जमत नाही?"

इरा हसली. विल्मर हसला नाही. त्याने नीट समजावलं. त्याचा मोठा भाऊ कॅसेटवरून कॅसेट उतरवून असली गाणी ऐकायचा. एका शहरातलं गाणं दुसऱ्या शहरात जायला वर्ष लागायचं. मग फोन आले. आता पोर्तो रिकोचा गायक कोलंबियाच्या गायकाला सोबत घेतो. मग दोघं मिळून एखादा इंग्रजी गाणारा घेतात. तो आठच ओळी गातो. पण त्याचं नाव वर लिहितात, आणि त्याला मानणारे सगळे तिथे येतात. ज्यांना स्पॅनिशचं अक्षर कळत नाही तेही येतात.

"अँड द ॲप सीज दॅट," इरा म्हणाली. "मग ते ॲप म्हणतं, हे आवडलं? मग हे पण ऐका. अँड इट गोज ऑन."

मला कळलं. एकाकडचं वऱ्हाड आणि दुसऱ्याकडचं वऱ्हाड. लग्न लागलं की दोन्ही गावं एकमेकांची पाहुणी.

"आणि आठ ओळी गाणाऱ्याचंही नाव?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स, आबा. हू एल्स सँग इट?"

"आणि वाजवणाऱ्याचं?"

"इट्स देअर." तिने बोट सरकवलं. खाली वाजवणाऱ्यांची यादी होती. एकेकाचं पूर्ण नाव.

मी चहा करायला आत गेलो. चहा कुणाला नको होता.

* * *

हा किस्सा मी गॅरेजमध्ये सांगितला नव्हता. त्या रविवारी सांगितला.

माझ्या बँडमध्ये इस्माईल क्लॅरिनेट वाजवायचा. आम्ही एका गल्लीतले. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावली की वाढणारे पंगतीत थांबायचे. चालताना तो माझ्या डाव्या हाताला असायचा. ताल जरा पुढे पळाला तर न बघता कोपर मारायचा. माझा ताल चुकला हे सांगणारा तो एकच.

कोल्हापूरचा एक कॅसेटवाला आमच्याकडे आला. दोन दिवसांत रेकॉर्डिंग झालं. निघताना म्हणाला, "कव्हरवर नाव एकच बसेल. कुणाचं टाकू?"

मी म्हणालो, "माझं."

विचार केला नाही. बँड माझा होता.

कॅसेट आली. कव्हरवर माझा फेट्यातला फोटो आणि खाली 'मास्तर शंकर आणि पार्टी'. आत ऐकाल तर ड्रम कुठेतरी मागे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत क्लॅरिनेट. लोक ती त्याच्यासाठी घ्यायचे.

इस्माईलने स्टँडजवळच्या दुकानातून ती विकत घेतली. मी फुकट दिली असती. माझ्यासमोर कव्हर वाचलं. उलटं करून मागचं वाचलं.

"पार्टी म्हणजे मी का रे?" त्याने विचारलं.

"सगळेच," मी म्हणालो.

ती लग्नसराई त्याने पूर्ण वाजवली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. शेवटच्या लग्नानंतर क्लॅरिनेट पुसली, पेटीत ठेवली आणि घरी गेला. पुढे हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान टाकलं. आम्ही एकाच गल्लीत राहिलो आणि बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला बँड मिरजेबाहेरून आला होता. मी खिडकीतून बघितलं.

"देन कॉल हिम," इरा म्हणाली.

"नंबर नाही," मी म्हणालो.

नंबर होता. पाठ होता. इथे आल्यापासून दर ईदला लावायचो आणि घंटी वाजायच्या आत बंद करायचो.

* * *

फोन केला नाही. विल्मरचा ठेका आणि त्याच्यावर माझा ड्रम, एवढं रेकॉर्ड करून इस्माईलला पाठवलं. ड्रम नितीनने आणला होता, कुणा शाळेने काढून टाकलेला. सोबत एक शब्द लिहिला नाही. काय लिहिणार?

फोनवर दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे उघडलं.

नऊ दिवस काही नाही. विल्मर रोज विचारायचा, "युअर फ्रेंड?" मी मान हलवायचो. नंतर त्याने विचारणं सोडलं. सफाईवरून आला की नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा.

दहाव्या दिवशी मिरजेहून एक रेकॉर्डिंग आलं. शब्द नाही. मिनिटभर क्लॅरिनेट. श्वास पूर्वीसारखा लांब राहिला नव्हता. पण वळणावर यायची ती जागा तशीच होती. मधेच मागे कुकरची शिट्टी झाली, आणि तो थांबला नाही.

विल्मरने चार वेळा ऐकलं. मी म्हणालो, शिट्टी काढता येईल का?

"नो, नो, मिस्टर शंकर. द व्हिसल स्टेज."

गाणं जुळलं. विल्मरने वर स्पॅनिशमध्ये गायलं. आईचं घर लांब आहे, असं काहीतरी आहे म्हणे. ते त्याने आधी लिहिलं होतं, की क्लॅरिनेट ऐकून, हे मी विचारलं नाही.

घरी पहिल्यांदा मोठ्याने लावलं तेव्हा माझी सून स्वाती हॉलमध्ये भाजी निवडत होती. शिट्टी झाली तशी उठली, आत गेली आणि परत आली.

"आबा, मी तर कुकर लावलाच नाहीये."

आजही ते गाणं लागलं की ती उठते. माहीत असून उठते.

* * *

गाणं ॲपवर टाकायचं तर फॉर्म भरावा लागतो. इरा भरत होती. 'कलाकारांची नावं' या रकान्यापाशी थांबली.

"आबा, युअर नेम फर्स्ट?"

"इस्माईलचं पहिलं. मग विल्मरचं."

"अँड यू?"

"आणि पार्टी."

"इट्स अ नेम फील्ड, आबा. पूर्ण नाव लागतं."

"तेवढंच लिही."

"बट यू प्लेड द ड्रम्स! लोकांना कळणार कसं?"

"ज्याला कळायचं त्याला कळेल."

तिने विल्मरकडे पाहिलं. विल्मर माझ्याकडे बघत होता. त्या रविवारी इराकडून त्यानेही सगळं ऐकलं होतं. तिच्या कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाला, "राइट व्हॉट ही सेज."

इराने लिहिलं. 'इस्माईल, विल्मर आणि पार्टी'. ॲपने पहिल्यांदा नाकारलं. दुसऱ्यांदा घेतलं.

* * *

गाणं फार चाललं असं नाही. विल्मरच्या गावच्या लोकांनी ऐकलं. हॅरिस पार्कच्या मिठाईवाल्याने दुकानात लावलं. तो पंजाबी आहे. म्हणाला, "चाचाजी, अगली बार हमारा ढोल भी डालो, पूरा पंजाब आ जाएगा." धंदेवाला माणूस. नावं का जोडतात ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

नितीनचा एक मित्र कॅनबेराला गुंगालिनमध्ये राहतो. त्याने सकाळच्या ट्रॅममधून मेसेज केला, "काका, बाहेर शून्याखाली आहे. हातमोजे घालून ताल धरलाय."

पण मला सांगायचंय ते वेगळंच. कुठल्या शहरात त्या दिवशी किती जणांनी ऐकलं, ते ॲप दाखवतं. वर कोलंबियातली शहरं. मग सिडनी. पार खाली, शेवटच्या ओळीत मिरज. एक.

मिरजेत एक माणूस.

दुसऱ्या दिवशी इराला विचारलं, "मिरज?"

"वन, आबा."

तिसऱ्या दिवशीही एक. मग ते रोजचंच झालं. ती बॅग खांद्याला लावून ट्रेनसाठी निघायची आणि मी दारात उभा.

"मिरज?"

"वन."

मधे दोन दिवस मिरज दिसलं नाही. त्या दोन दिवसांत मी गॅरेजमध्ये गेलो नाही. विल्मर जेवण घेऊन घरात आला. भात आणि राजमा. त्यांचाही राजमाच असतो, फक्त मसाला कमी. समोर बसला आणि मी संपवेपर्यंत हलला नाही.

तिसऱ्या दिवशी इरा निघून गेली होती. मी विचारलंच नव्हतं. ती स्टेशनच्या वाटेवरून धावत परत आली. धापा टाकत दारात उभी राहिली.

"वन," म्हणाली, आणि ट्रेन पकडायला पुन्हा पळाली.

* * *

आता शेवटचा.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही गॅरेजमध्ये होतो. विल्मर, इरा आणि मी. माझा फोन वाजला. नंबर पाठ होता, त्यामुळे नाव वाचायची गरज नव्हती. वाजू दिला. इराने उचलला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यासमोर डब्याच्या लाल झाकणावर ठेवला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. म्हातारा झालाय. मीही झालोय. "ते गाणं तुमच्याकडचं का?"

"हो," मी म्हणालो.

"क्लॅरिनेट कोण वाजवतंय ते माहिताय मला. गाणारा पोरगाही बरा आहे."

"हो."

"ते 'आणि पार्टी' लिहिलंय. ते कोण?"

विल्मरला मराठी येत नाही. तरी त्याने हळूच संगीत बंद केलं.

"आहे एक जण," मी म्हणालो.

"ड्रम वाजवतो तो?"

"तोच."

त्याच्या मागे दुकानात कुणीतरी हार्मोनियमचा एकच सूर पुन्हा पुन्हा दाबून बघत होतं.

"दुसऱ्या फेरीत पुढे पळतो," इस्माईल म्हणाला. "पहिल्यापासून पळतो. सांग त्याला."

"सांगतो," मी म्हणालो.