खंडेनवमीला बाहेर राहिलेलं पुस्तक

अप्पांनी पुस्तक आणताना मला विचारलं नाही, हा पहिला घोळ. अप्पा म्हणजे माझे वडील; हुबळीच्या कमरीपेठेत त्यांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर आम्ही. कचेऱ्यांमधून एकेक टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर येत होते, आणि अप्पांकडे आता रिबन बदलायलाही कुणी फिरकत नव्हतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेली. गोकुळ रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक वर्कशॉप होतं. त्याच्या मालकानं सांगितलं होतं, "टेक्निशियनची परीक्षा दिवाळीच्या आत पास होऊन ये, जागा ठेवतो. नंतर आलीस तर माझ्या हातात नाही." मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख मिळाली. पुढं घर चालवायचं तर ते मीच, हे कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून अप्पा कोप्पीकर रोडच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. इंग्रजी अक्षरं त्यांना टाइपरायटरच्या बटणांमुळे पाठ होती, पण शाळा कन्नड, त्यामुळे इंग्रजी वाक्य काही वाचता येत नसे. पुस्तक त्यांनी चित्रं बघून निवडलं होतं.

"लिहिणाऱ्यानं स्वतः मशीन उघडलंय बघ," ते म्हणाले. "कुठला स्क्रू आधी काढायचा तेसुद्धा दाखवलंय."

आठवडाभर मी ते वाचलं. मग सायबर कॅफेतून परीक्षेचा अभ्यासक्रम छापून आणला आणि पुस्तकाशी ताडून बघितला. परीक्षा बदलली होती. पुस्तक आधीच्या परीक्षेचं होतं, निम्मे विषय त्यात नव्हतेच. आधी दुकानदाराचा राग आला, मग अप्पांचा, मग माझा. पण अप्पांना सांगायला जीभ रेटेना. पुस्तक हातात देताना त्यांचा चेहरा मी बघितला होता. "माझं वाचून झालं," असं खोटंच सांगून मी ते खाली दुकानातल्या फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मीच कोप्पीकर रोडला गेले. दुकानदारानं तीन पुस्तकं पुढ्यात टाकली, तिन्ही प्लास्टिकमध्ये बंद.

"फोडू नका हं, अक्का."

"मग आत काय आहे ते कळणार कसं?"

"कव्हरवर लिहिलंय की सगळं."

नाकावर राग होताच. मी नखानं तिन्ही प्लास्टिकं फाडली आणि तिथंच उभी राहून अभ्यासक्रमाच्या कागदावर एकेक विषय पडताळू लागले. पहिल्यात नुसतेच प्रश्न आणि उत्तरं. दुसऱ्याचं कव्हर नवीन, आत जुनाच माल. तिसरं बारीक, कागद रद्दीसारखा, एकही चित्र नाही, पण विषय सगळे होते. दुकानदार बडबडत होता आणि मी एकेक ओळ दोनदा बघत होते, कारण आता चूक झाली तर आणखी एक पुस्तक आणून वाचायला दिवसच उरले नव्हते. मी तिसरं घेतलं. घरी ते लपवून वाचायला लागले.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं आणि पुस्तकं पूजेला मांडतात आणि दसऱ्याला उचलेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. अप्पा तर त्या दिवशी पेन्सिलसुद्धा धरत नसत. त्यांनी पाटावर स्क्रू-ड्रायव्हर मांडले, चिमटे मांडले, मधोमध ते जाडजूड पुस्तक ठेवलं आणि त्यावर झेंडूचं फूल.

"तुझं पुस्तक ठेवलंय बघ," ते म्हणाले.

दुपारी मी बारकं पुस्तक घेऊन गच्चीवर गेले. चोराच्या मनात चांदणं, तसं पानाच्या सळसळीनंही मला दचकायला होत होतं. आणि अप्पा वर आलेच.

"कुठलं वाचायलीस गं हे?"

मी सगळं सांगून टाकलं. ते पुस्तक जुनं झालंय, परीक्षेला चालत नाही, हे महिनाभर दडवलं, सगळं. आता खंडेनवमी मोडली म्हणून ओरडतील, असं मला वाटलं होतं.

"दुकानदार 'होसदु' म्हणाला होता, नवीन आहे म्हणून," ते हळूच म्हणाले. मग माझ्या हातातलं पुस्तक पालथं-उताणं करून बघितलं आणि परत दिलं. "पूजा त्याची झाली. हे बाहेरच राहिलंय. वाच तू."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी पास झाले. दिवाळीच्या आत सर्टिफिकेट दाखवलं आणि कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या पुढ्यात जे मशीन आलं ते त्या बारक्या पुस्तकात कुठंच नव्हतं. दुसरंही नव्हतं. हुबळीतल्या कचेऱ्या जे कॉम्प्युटर वापरत होत्या ते सगळे जुने, अप्पांच्या पुस्तकातल्या चित्रांतले. रविवारी मी दुकानातल्या फळीवरून ते पुस्तक काढलं. कव्हरवर हळद-कुंकू वाळलेलं होतं.

आत प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अप्पांनी इंग्रजी अक्षरं जोडून जोडून प्रत्येक भागाचं नाव कन्नड लिपीत उतरवलं होतं, काही उच्चार साफ चुकलेले, आणि पुढं खूण, 'इथून वीज येते', 'हा फिरतो'. माझं वाचून झालं असं मी म्हटल्यापासून ते रोज खाली बसून शिकत होते. पेन्सिल प्रिंटरच्या धड्यात थांबली होती. चित्रात पाच बाण, नावं तीनच बाणांना. गच्चीवर मी 'जुनं झालंय' म्हटलं, त्याच्यापुढं एक अक्षर नव्हतं.

पुस्तक आणि पेन्सिल मी त्यांच्यापुढं ठेवली. "दोन नावं राहिलीत, अप्पा."

त्यांनी चष्मा लावून पान बघितलं. "हे जुनं झालंय म्हणालीस ना?"

त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"परीक्षेला जुनं," मी म्हटलं. "वर्कशॉपमध्ये हीच मशीनं येतात."

"असं होय," ते म्हणाले. "मग मी थांबलो नसतो की."